आडवी बाटली: नाशिकच्या प्रभागात दारूचं दुकान मतदानाने बंद करायचं तर

पहिल्या बैठकीत बायकांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "मोर्चा कधी काढायचा?" मी म्हटलं, आधी मतदार यादी आणू. ते कोणालाच आवडलं नाही. एक मावशी तर उठून निघाल्याच, "यादी वाचून दारू बंद होती होय!" म्हणत. नवीन नाशिकमधल्या आमच्या वसाहतीत देशी दारूचं दुकान शाळेच्या वाटेवर आहे. पोरी त्या वाटेने जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातात, हे सगळ्यांना रोज दिसतं. त्यामुळे राग भरपूर होता, फक्त कागद नव्हता.

आमचा पहिला अर्ज मतदानापर्यंत पोचलाच नाही. सह्या गोळा झाल्या, फोटो निघाले, पडताळणीत गाडी अडली. त्या फजितीतून जे शिकले ते सविस्तर लिहिते आहे. दुकानदार हा या लढाईतला मोठा प्रतिस्पर्धी नाही. मोठा प्रतिस्पर्धी आहे मतदार यादी.

कायदा थोडक्यात

महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ सालचा. आधी त्याला मुंबई दारूबंदी कायदा म्हणत. नावात दारूबंदी असली तरी बहुतेक जिल्ह्यांत हा परवाने देण्याचा आणि तपासण्याचा कायदा आहे. जिल्हाभर बंदीची उदाहरणं मोजकीच: वर्धा १९७४ पासून, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूरमध्ये २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. बाकी ठिकाणी नागरिकांच्या हातात जे आहे ते एका गावापुरतं किंवा एका वॉर्डापुरतं.

ते हत्यार म्हणजे २५ मार्च २००८ चा राज्य सरकारचा आदेश. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, दुकान बंद करण्याची लेखी मागणी केली तर सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर जिल्हाधिकारी परवाना बंद करतात. मागणी महिलांनी केली असेल तर हिशेब महिला मतदारांचाच.

"यादीतल्या एकूण" हे दोन शब्द नीट वाचा. झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हे, यादीच्या निम्मे.

मार्च २०२५ मध्ये, तेव्हा राज्य उत्पादन शुल्क खातं सांभाळणारे अजित पवार यांनी विधानसभेत सांगितलं की, महापालिकेच्या वॉर्डात झालेल्या मतदानापैकी ७५ टक्के मतं दुकानाच्या विरोधात पडली तर दुकान बंद केलं जाईल. सोसायटीच्या आवारात नवं वाइन शॉप किंवा बिअर शॉपी उघडायची तर त्या सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असंही त्याच वेळी जाहीर झालं. म्हणून अर्जाच्या पहिल्याच पानावर एक वाक्य टाका: आमच्या प्रभागात मतदानाचा निकाल कोणत्या निकषावर ठरेल, यादीच्या निम्म्यावर की झालेल्या मतदानाच्या ७५ टक्क्यांवर, ते लेखी कळवावे. तोंडी उत्तर घेऊन कामाला लागू नका. दोन्हींत केवढा फरक पडतो ते पुढे आकड्यांत येईलच.

दुकान नेमकं कोणतं आहे

बायका सरसकट "दारूचा अड्डा" म्हणतात. कार्यालयात मात्र परवान्याचा प्रकार विचारतात. किरकोळ देशी दारूचं दुकान म्हणजे सीएल-३. ज्याला आपण वाइन शॉप म्हणतो ते एफएल-२. परमिट रूम, म्हणजे बसून पिण्याचा बार, एफएल-३. बिअर शॉपी एफएल/बीआर-२. एकाच चौकात तीन प्रकार असतील तर अर्जात तिन्ही परवाने क्रमांकासकट लिहा. नुसतं "चौकातली दारूची दुकानं" असं लिहिलंत तर नंतर कोणता परवाना बंद करायचा यावरच वाद घालायला वकिलाला जागा मिळते.

परवाना क्रमांक दुकानाच्या पाटीवर असतो. नसेल किंवा दुकानदार वाचू देत नसेल, तर माहितीच्या अधिकारात राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत तीस दिवस. पाच गोष्टी मागा: परवान्याचा प्रकार आणि क्रमांक, परवानाधारकाचं नाव, मंजूर जागेचा नकाशा, शेवटच्या नूतनीकरणाची तारीख, आणि हा परवाना याआधी कुठे होता.

हा पाचवा मुद्दा विसरू नका. राज्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नवी वाइन शॉप दिली जात नाहीत. तरीही तुमच्या कॉलनीत "नवीन" वाइन शॉप उघडलेलं दिसतं, कारण जुना परवाना दुसऱ्या पत्त्यावरून तिथे हलवलेला असतो. ज्या जागेत तो आला, तिथून तो जाऊही शकतो. नवं दुकान अजून आलेलं नसेल, गाळ्यात फर्निचर चालू असेल, तर मतदानाच्या भानगडीत न पडता स्थलांतराला लगेच लेखी हरकत घ्या. शाळा, नोंदणीकृत ट्रस्टचं देऊळ किंवा प्रार्थनास्थळ, एसटी स्थानक यांच्यापासूनच्या अंतराच्या अटी तेव्हाच तपासल्या जातात. कोपऱ्यावरची शेंदूर फासलेली म्हसोबाची घुमटी मात्र नोंदणीकृत ट्रस्टची नसेल तर या मोजणीत धरली जात नाही. आमच्याकडे एकाने टेप घेऊन घुमटीपासून अंतर मोजलं होतं, सगळी दुपार त्यात गेली.

हायवेपासून पाचशे मीटरचं काय?

हे नाशिकमध्ये हमखास विचारतात, कारण मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातूनच गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली आणि १ एप्रिल २०१७ पासून दुकानं बंद झाली. पण त्याच वर्षी जुलैत न्यायालयाने स्पष्ट केलं की महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना ही मनाई लागू नाही. द्वारका, पाथर्डी फाटा किंवा आडगाव नाक्याच्या दुकानासाठी त्या निकालाचा उपयोग नाही. त्यात वेळ घालवू नका.

वॉर्ड म्हणजे केवढा

इथे नाशिकची खरी अडचण सुरू होते. महापालिकेच्या १२२ जागा ३१ प्रभागांत विभागलेल्या आहेत, बहुतेक प्रभाग चार-चार नगरसेवकांचे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. तेव्हाच्या आकड्यानेच भागलं तरी एका प्रभागात सरासरी ४८ हजार माणसं येतात. म्हणजे दुकान तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, पण मत द्यायचं ते दीड-दोन किलोमीटरवर राहणाऱ्या, त्या दुकानाचं नावही न ऐकलेल्या बाईने.

सिन्नर, भगूर, इगतपुरी, येवला, मनमाड अशा नगरपरिषदांत प्रभाग लहान असतात, तिथे हेच काम कितीतरी सोपं. गिरणाऱ्यासारख्या ग्रामपंचायतीत तर आणखी सोपं, कारण सगळं गाव एकमेकांना ओळखतं. शहरातल्या बायकांनी खेड्यातल्या यशाच्या गोष्टी ऐकून उत्साहात येण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा.

म्हणून अर्जाआधी आणखी एक लेखी प्रश्न: मतदानासाठी वॉर्ड म्हणून कोणती हद्द धरली जाईल आणि कोणत्या तारखेची यादी वापरली जाईल? उत्तर हातात आलं की त्या हद्दीची प्रभागनिहाय यादी महापालिकेकडून घ्या. मुख्यालय शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात आहे, पण आधी आपल्या विभागीय कार्यालयात चौकशी करा. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिक रोड असे सहा विभाग आहेत. महापालिकेची यादी विधानसभेच्या याद्या फोडून बनते. त्यामुळे तुमचा प्रभाग नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम की देवळाली मतदारसंघात येतो तेही पाहून ठेवा. दुरुस्त्या तिथूनच होतात.

वहीत मांडायचं गणित

समजा प्रभागाच्या यादीत १८,००० महिला मतदार आहेत.

मागणीसाठी २५ टक्के, म्हणजे ४,५०० वैध सह्या.

यादीच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे आडव्या बाटलीला किमान ९,००१ मतं.

आता मतदानाच्या दिवशी बरोबर निम्म्या, म्हणजे ९,००० बायका आल्या असं धरू. नऊच्या नऊ हजार बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, उभ्या बाटलीला एकही मत पडलं नाही, तरी तुम्ही हरलात. एका मताने. दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला उघडणार.

झालेल्या मतदानाच्या ७५ टक्क्यांचा निकष लावला तर त्याच ९,००० मतांपैकी ६,७५० पुरतात. पण त्यात दुसरा काटा आहे. दुकानदाराने आपल्या बाजूच्या २,२५१ बायका आणल्या की तुमचं गणित मोडतं. पहिल्या निकषात उभ्या बाटलीला मत द्यायला कोणी येण्याची गरजच नसते, घरी बसलेली प्रत्येक बाई त्याच्याच खात्यात जाते. दुसऱ्यात त्याला माणसं बाहेर काढावी लागतात आणि त्यासाठी खर्च करण्याची त्याची तयारी असते. कोणता निकष लागणार यावर तुमचा सगळा प्रचार ठरतो, म्हणून ते लेखी उत्तर इतकं महत्त्वाचं.

तुलनेला लहान गावातला २,६०० महिला मतदारांचा प्रभाग घ्या: ६५० सह्या, १,३०१ मतं. एवढ्या बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या फेऱ्यांत भेटून होतात.

यादी साफ करा, मगच अर्ज

या पायरीला कंटाळा करू नका. आम्ही केला आणि पस्तावलो.

आम्ही एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून एका भागाची यादी मोठ्याने वाचली. एक मुलगी नाव वाचायची, बाकीच्या सांगायच्या. "ही गेली करोनात." "हिचं लग्न होऊन सात वर्षं झाली, पिंपळगावला दिली." "हे कोण? ह्या नावाची बाई आपल्यात नाहीच." "अगं ती भाडेकरू होती, जिन्याखालची खोली." एका आजींचं नाव दोन ठिकाणी निघालं, एकदा माहेरच्या आडनावाने, एकदा सासरच्या. आजी हसून म्हणाल्या, दोनदा मत देता येईल का मग? दर पानावर अशी तीन-चार नावं सापडत गेली. मेलेल्या आणि गाव सोडून गेलेल्या बायका मत द्यायला येत नाहीत, पण १८,००० च्या आकड्यात त्या असतात. त्यातल्या दोन हजार कमी झाल्या तर तुम्हाला लागणारी मतं थेट हजाराने कमी होतात. घरोघर फिरून हजार मतं वाढवणं किती अवघड आहे ते फिरल्यावर कळतं.

काम असं करा. मयत, दुबार किंवा कायमच्या स्थलांतरित नावांसाठी फॉर्म ७. पत्ता बदल किंवा नावातली चूक असेल तर फॉर्म ८. नव्या मुलींसाठी फॉर्म ६. अठरा वर्षं पूर्ण होण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. फॉर्म मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे द्या किंवा ऑनलाइन भरा. मयताच्या बाबतीत घरच्यांकडून मृत्यू दाखल्याची प्रत घ्या. घरच्यांनी स्वतः अर्ज केला तर उत्तमच.

फॉर्म ७ वरची माहिती खरीच असली पाहिजे. बारच्या बाजूने मत देईल म्हणून जिवंत, तिथेच राहणाऱ्या बाईचं नाव उडवण्याचा उद्योग करू नका. मतदार यादीसाठी खोटं निवेदन देणं लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय एक जरी असा फॉर्म पकडला गेला की तुमच्या सगळ्या सह्यांकडे संशयाने पाहिलं जातं.

दुरुस्त्या होऊन नवी यादी प्रसिद्ध झाली की मगच सह्यांना हात घाला.

सही कशी घ्यायची

आमचा अर्ज कुठे फसला ते सांगते. कोऱ्या कागदांवर सह्या होत्या, वर मागणीचा मजकूर फक्त पहिल्या पानावर. नाव होतं, सही होती, पण यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक नव्हता. पडताळणीला बसलेल्या माणसाने दोन पानं पाहिली आणि शांतपणे म्हणाला, ताई, या नावाच्या चौदा बायका आहेत यादीत, यातली कोणती? आमच्याकडे उत्तर नव्हतं. रागही आला, पण तो बरोबर होता.

आता आमचा तक्ता असा आहे. प्रत्येक पानावर सर्वांत वर संपूर्ण मागणी: दुकानाचं नाव, परवान्याचा प्रकार आणि क्रमांक, पत्ता, "हा परवाना बंद करण्यासाठी मतदान घ्यावे". खाली रकाने: यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, यादीत छापलं आहे तसंच नाव, मतदार ओळखपत्र क्रमांक, पत्ता, सही किंवा अंगठा, तारीख. मोबाइल नंबर या तक्त्यात घेऊ नका. तो कागद कितीजणांच्या हातातून जाणार कोणाला ठाऊक, आणि रात्री-अपरात्री फोन यायला लागले की पुढची बाई सही देत नाही. नंबर वेगळ्या वहीत ठेवा, ती वही घराबाहेर न्यायची नाही.

भाग क्रमांकानुसार वेगवेगळ्या फाइली करा. सही घ्यायला जाणारीच्या हातात त्या भागाची छापील यादी असावी, सही झाली की यादीत खूण. नाव यादीत सापडत नसेल तर सही घेऊ नका, फॉर्म ६ द्या. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही घ्या. घरातल्या एकीनेच सासू, जाऊ, नणंद अशा चौघींच्या सह्या केल्या तर त्या एकाच हाताच्या असल्याचं पाहताक्षणी कळतं. अशी सही परत घ्या, सरळ सांगा, सासूबाईंना भेटायला संध्याकाळी येते.

सह्या २५ टक्क्यांवर थांबवू नका. पडताळणीत गळती होते, म्हणून निदान ३५ टक्के. आमच्या उदाहरणात ६,३०० सह्या.

सही मागायला कधी जायचं हेही ठरवा. घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी दोननंतर सापडतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत जाणाऱ्यांची पाळी विचारून घ्या. आणि नळाला पाणी असताना कोणाचंही दार वाजवू नका.

अर्ज, पोच आणि पाठपुरावा

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना. जिल्हाधिकारी कार्यालय सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जुन्या आग्रा रोडवर आहे. सगळ्या पानांना क्रमांक घाला, शेवटच्या पानावर "एकूण इतकी पाने, इतक्या सह्या" असं लिहून तीन-चार प्रमुख अर्जदारांनी सही करा. आधी संपूर्ण गठ्ठ्याची झेरॉक्स आणि मोबाइलवर स्कॅन. मूळ कागद फक्त एकदाच द्यायचे असतात. आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. "ठेवून जा, साहेब आले की शिक्का मारतो" हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. तिथेच बाकावर बसा. डबा घेऊन जा.

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. महिन्याभरात हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्जावरची दैनंदिन प्रगती आणि टिप्पणीच्या प्रती मागा. आमचा अनुभव, निवेदनाला जे पाय फुटत नाहीत ते या अर्जाने फुटतात.

पडताळणी

सह्या तपासायला बायकांना ओळखपत्र घेऊन बोलावलं जातं, किंवा कर्मचारी येतात. इथे मोहीम मरते. सही देताना उत्साहात असलेली बाई सरकारी माणसासमोर येऊन "हो, ही माझीच सही" म्हणायला कचरते. कधी नवरा नको म्हणतो, कधी त्या दिवशी रजा मिळत नाही, कधी दुकानदाराचा माणूस आदल्या रात्री घरी येऊन गोड बोलून गेलेला असतो. धमकी क्वचितच असते. बहुतेक वेळा "वहिनी, माझ्याकडे आठ पोरं कामाला आहेत, त्यांच्या पोटावर पाय देऊ नका" असं असतं, आणि ते खोटंही नसतं. त्यावर बायकांनी काय म्हणायचं हे आधी आपसांत बोलून घ्या.

प्रत्येक भागासाठी दोन जबाबदार बायका नेमा. आपल्या यादीतल्या कोणी आल्या, कोणी राहिल्या याची खूण त्या ठेवतील. तारीख कळली की आदल्या दिवशी घरोघर निरोप द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला निरोप धरू नका, तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. कोणाची सही नाकारली तर कारण लेखी मागा.

मतदानाचा दिवस

गुप्त मतदान आहे, हे बायकांना पुन्हा पुन्हा सांगा. नवऱ्याला कळणार नाही, दुकानदाराला कळणार नाही, आणि आपल्यालाही कळणार नाही. हे शेवटचं ऐकून बायका निश्चिंत होतात.

नमुना मतपत्रिका स्वतः चिकटवून बनवा आणि दाखवा. चित्र साधं वाटलं तरी गोंधळ होतोच. एका काकूंनी सरावात उभ्या बाटलीवर खूण केली. विचारलं तर म्हणाल्या, मी तिला फुली मारली, ती नको म्हणून. हे ऐकल्यावर आम्ही घोषणाच बदलली: "जी हवी तिच्यावर शिक्का, आणि आपल्याला हवी आडवी." नकोच्या बाटलीवर फुली मारण्याची ही सवय तुमच्या भागातही असणार, सराव घेतल्याशिवाय ती दिसत नाही.

निवडणुकीत उमेदवारांच्या रिक्षा असतात, बूथवर चहा असतो, चिठ्ठ्या घरपोच येतात. इथे यातलं काहीच नाही, सगळं तुम्हालाच. केंद्र लांब असेल तर म्हाताऱ्या बायकांसाठी रिक्षा आधी ठरवा. दर दोन तासांनी यादीवर खूण करा, दुपारी राहिलेल्यांच्या घरी परत जा. मतमोजणीला आपले प्रतिनिधी बसवण्याची परवानगी आधी मागून ठेवा.

दगडफेक, बाटल्या फोडणं, दुकानाला काळं फासणं याने वर्तमानपत्रात फोटो येतो आणि पुढची दोन वर्षं चार बायका कोर्टाच्या तारखांना जातात. आपल्या नगरसेवकाचा पाठिंबा जरूर मागा, पण लेखी मागा. एखाद्याच्या भाच्याचं किंवा मेव्हण्याचं परमिट रूम निघालं की पाठिंबा भाषणापुरताच राहतो.

मतदानाविना निघणारी कामं

प्रत्येक दुखण्याला आडव्या बाटलीचं औषध लागत नाही. त्रास दुकानाचा नसून दुकानाबाहेर उभं राहून पिणाऱ्यांचा असेल, अल्पवयीन मुलांना विक्री होत असेल, वेळेनंतर मागच्या दाराने बाटल्या जात असतील, तर तो परवान्याच्या अटींचा भंग आहे. दारूबंदी कायद्याच्या कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. तारीख, वेळ, फोटो अशा नोंदींची वही ठेवा आणि तक्रार राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे द्या. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत दिलेली तक्रार नूतनीकरणाच्या वेळी टेबलावर असते. सार्वजनिक शांततेला धोका असेल तर कलम १४२ खाली जिल्हाधिकारी दुकान काही काळ बंद ठेवायला सांगू शकतात.

बेकायदा हातभट्टी किंवा टपरीवरची विक्री हा तर वेगळाच विषय. तिथे परवानाच नाही, मतदान कशावर घेणार? ते काम पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याचं. गावात असाल तर ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे, २०१६ च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली.

दुकान बंद झाल्यावर

परवानाधारक गप्प बसत नाही. तो राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपिलात जाईल, सरकारकडे जाईल, उच्च न्यायालयात जाईल. नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतं, म्हणजे खेटे मुंबईचे. म्हणून सह्यांचे कागद, पोच, पडताळणीचा अहवाल, मतमोजणीचं पत्रक यांच्या साक्षांकित प्रती निकालाच्या आठवड्यातच मिळवून ठेवा. न्यायालयात स्थगिती मागितली जाण्याआधी तुमची बाजू ऐकली जावी म्हणून कॅव्हेट दाखल करता येतं. एखादी वकील मुलगी ओळखीत असेल तर तिला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या.

दुसरं, स्थलांतर. बंद झालेल्या दुकानाचा परवानाधारक दुसऱ्या जागेसाठी अर्ज करू शकतो, आणि प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधोमध असेल तर दुकान फक्त समोरच्या फुटपाथवर जातं. दर तीन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात विचारा की या परवान्याच्या स्थलांतराचा अर्ज आला आहे का. पलीकडच्या प्रभागातल्या बायकांशी ओळख आधीच करून ठेवा, त्यांना तुमचा तक्ता द्या.

तिसरं, रिकामा झालेला गाळा. सीएल-३ गेलं आणि सहा महिन्यांनी त्याच शटरमध्ये वेगळ्या नावाने बिअर शॉपी आली, तर तो नवा परवाना आहे. गाळा सोसायटीचा असेल तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आत्ताच ठराव करून घ्या की दारूविक्रीसाठी ना हरकत दिली जाणार नाही. त्या ठरावाची प्रत अधीक्षकांकडे देऊन पोच घ्या आणि ती पोच फाइलमध्ये सर्वांत वर लावा.